सदतीस विसंगत कुटुंबं

ऑन्टॉलॉजी हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी शेचाळीस वर्षांचा होतो, आणि मला ते दवाखान्यातल्या एखाद्या विभागाचं नाव वाटलं. पुण्याहून बदली होऊन चेन्नईला येऊन आम्हाला दोन वर्षं झाली होती. पेरुंगुडीच्या ऑफिसात माझं काम पगारपत्रकांचं, तेही कोबॉल या जुन्या संगणकभाषेत. ते काम ग्राहकाने बंद केलं आणि मला एका चार जणांच्या गटात बसवलं. गटाची प्रमुख माझ्याहून बारा वर्षांनी लहान, तिरुचीकडची तमिळ मुलगी. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, "सर, ऑन्टॉलॉजी माहीत आहे का?"

"नाही," मी म्हणालो. "पण दवाखान्याशी संबंध आहे ना?"

ती हसली. "या वेळी आहे, योगायोगाने."

एका मोठ्या रुग्णालयातल्या कान-तपासणी विभागाचं काम होतं. जन्मापासून ऐकू न येणारी मुलं ज्या घरांत आहेत, अशा दोनशे बारा कुटुंबांची माहिती त्यांनी गोळा केली होती. कोण कुणाचं मूल, कोण कुणाचा नवरा, कुणाला ऐकू येत नाही. त्यांना त्यातून एकच गोष्ट हवी होती: या घरांत नवं बाळ आलं तर कोणत्या बाळाला पहिल्या महिन्यात तपासणीला बोलवायचं. वेळेवर कळलं तर बाळाला यंत्र लावता येतं, बोलणं शिकवता येतं. उशीर झाला की तेवढं जमत नाही.

आता ऑन्टॉलॉजी म्हणजे काय ते सांगतो. साध्या टेबलात आपण लिहितो की अमकीची मुलगी तमकी. ऑन्टॉलॉजीत त्याच्या जोडीला हेही लिहितो की आई ही बाईच असते, जन्म देणारी आई प्रत्येकाला एकच असते, आईचा भाऊ तो मामा. एवढं पक्कं लिहिलं की कुणाचा मामा कोण हे निराळं भरावं लागत नाही. रीझनर नावाचा एक प्रोग्राम असतो, तो ते स्वतः ताडतो. आणि लिहिलेल्यातल्या दोन गोष्टी एकमेकींना खोडत असतील, तर तो सगळंच नाकारतो. निम्मं बरोबर, निम्मं चूक असा हिशोब त्याच्याकडे नाही. एक विसंगती सापडली की अख्खी रचना विसंगत.

मला हे फार आवडलं. पगारपत्रकात माझी पंचवीस वर्षं याच वृत्तीने गेली होती.

हेच काम आमच्या कंपनीने शोळिंगनल्लूरच्या इमारतीतल्या दुसऱ्या गटालाही दिलं होतं. रुग्णालयासमोर दोघांनी चाचणी द्यायची, त्यांना जी रचना पसंत पडेल ती पुढे चालवायची. आमच्या मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावून स्पष्ट सांगितलं, "एका कामाला दोन गट मी ठेवणार नाही. तुमचा गट राहिला नाही तर तुमची जागा हैदराबादला आहे. जूनमध्ये जावं लागेल."

जूनमध्ये मुलगी बारावीला जाणार होती. पुण्याहून इथे आणली तेव्हा ती नववीत होती. पहिले सहा महिने शाळेत तिच्याशी कुणी बोलत नव्हतं आणि घरी ती आमच्याशी बोलत नव्हती. आता कुठे रुळली होती. पुन्हा उचलून तिसऱ्या गावी, बारावीच्या तोंडावर, कसं न्यायचं? बायको म्हणाली, "तुम्ही एकटे जा हैदराबादला." म्हणजे दोन घरं, दोन भाडी, आणि मुलीच्या बारावीला बाप पाहुणा. मी मुलीला काहीच सांगितलं नाही. तिला कळलंच होतं. ती फक्त एवढं म्हणाली, "बाबा, मला आधीच सांगून ठेवा हं. मैत्रिणींना एकदम सांगायला नको."

शोळिंगनल्लूरचा गट माउसने काम करायचा. एक तयार साधन होतं, त्यात खिडकी उघडायची, नवा वर्ग, त्याचं नाव, त्याखाली उपवर्ग, मग नातं, मग माणूस. सगळं एकेक करून हाताने. दिसायला सुंदर दिसायचं. आमच्या प्रमुखबाईंचाही तोच विचार होता. मी म्हटलं, "मला हे जावात लिहू द्या. प्रोग्राम रुग्णालयाची टेबलं वाचेल आणि वर्ग, नाती, माणसं, नियम सगळं स्वतः रचेल. उद्या काही बदललं तर एक ओळ बदलायची आणि पुन्हा चालवायचा."

"सर, ऑन्टॉलॉजी म्हणजे पेरोल नाही," त्या म्हणाल्या.

"पेरोलमध्येसुद्धा कायदा दर वर्षी बदलतो. मी दर वर्षी चार हजार माणसं हाताने भरत नव्हतो."

त्यांनी लगेच विचारलं, "जावा येतं तुम्हाला?"

येत नव्हतं. शिकलो. ओल्ड महाबलिपुरम रोडचं रुंदीकरण चाललं होतं, ऑफिसची बस धुळीत तासतासभर उभी असायची. त्या बसमध्ये मांडीवर पुस्तक ठेवून शिकलो. कोबॉलवाल्याला जावा शिकताना आधी वाटतं की ही भाषा उगाच जास्त बोलते. नंतर कळतं की तिला प्रत्येक गोष्टीची जात आधी सांगावी लागते, आणि मला तर नेमकं तेच करायचं होतं.

दोन महिन्यांत प्रोग्राम उभा राहिला. ऑन्टॉलॉजी रचण्यासाठी एक तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या कोडचा संच, फुकट मिळत होती. तिच्या आधाराने मी माणूस, बाई, पुरुष, बाळ असे वर्ग रचले, आई-बाप-जोडीदार ही नाती रचली, आणि त्यांवर आत्या, मामा, मावशी, चुलतभाऊ ठरवणारे नियम. शिवाय एक राखणदार नियम स्वतःच्या बुद्धीने घातला. भरणाऱ्याने चुकून एकाचा नंबर दुसऱ्याला दिला, तर ते पकडायला हवं. म्हणून मी लिहिलं की रक्ताचं नातं आणि लग्नाचं नातं हे दोन वर्ग पूर्ण वेगळे. दोन माणसांमधला एकच दुवा दोन्हींत बसू शकत नाही. बहीण ती बहीण, बायको ती बायको. दोन्हींत बसला तर माहिती भरण्यात चूक आहे.

तपासायला माणसं हवी होती. मी माझंच घराणं घेतलं. आमचं मूळ रत्नागिरीकडचं. चार पिढ्या, शहाण्णव माणसं, बायकोच्या माहेरासकट. प्रोग्राम चालवला. रीझनरने एकही तक्रार केली नाही, आणि माझ्या एका चुलत आत्याचं माझ्या सासऱ्यांशी असलेलं लांबचं नातं, जे मला माहीत नव्हतं, तेही काढून दाखवलं. प्रमुखबाई माझ्या खुर्चीमागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "छान आहे, सर. आता खरी माणसं घाला."

रुग्णालयाची माहिती आली. नावं नव्हती, प्रत्येक माणसाला फक्त नंबर. दोनशे बारा कुटुंबं घातली, प्रोग्राम चालवला. आमच्या मशीनला चाळीस मिनिटं लागली आणि पडद्यावर एक ओळ आली: रचना विसंगत आहे. कुठे, का, काही नाही. त्या काळचे रीझनर कारण सांगायच्या भानगडीत पडत नसत.

चाचणी पुढच्या गुरुवारी होती. बातमी शोळिंगनल्लूरला पोहोचायला अर्धा तासही लागला नाही. तिकडच्या एकाने फोन केला, आवाजात साखर. "सर, ऐकलं की तुमच्या प्रोग्रामने रुग्णालयच नाकारलं?"

मी म्हटलं, "नाकारायलाही आधी वाचावं लागतं. तुमच्या किती कुटुंबांचं भरून झालं?"

"नव्वद."

"मग उरलेली भरा."

पण फोन ठेवल्यावर मी गुरुवारपर्यंतचे दिवस बोटांवर मोजले. प्रमुखबाई दोन दिवस घरच्या कार्याला गावी निघाल्या होत्या. जाताना म्हणाल्या, "नियम एकदा बघा, सर."

"नियम शहाण्णव माणसांवर तपासलेत," मी म्हणालो. "माहिती बघतो."

मी प्रोग्रामला चार ओळी जोडल्या: प्रत्येक कुटुंब वेगळं घे, एकट्यावर रीझनर चालव, निकाल लिही. शनिवारी दुपारपर्यंत उत्तर आलं. एकशे पंचाहत्तर कुटुंबं सुसंगत, सदतीस विसंगत. त्या सदतीसमधली पाच-सहा उघडून पाहिली. सगळीकडे तेच. एका घरात नंबर चार ही नंबर नऊची बहीण. नंबर चार हीच नंबर सतराची आई. आणि सतरा ही नऊची बायको. माझ्या मते सरळ होतं: भरणाऱ्याने सासूच्या जागी नवऱ्याच्या बहिणीचा नंबर टाकला होता. मी रुग्णालयाला पाठवायचं पत्र संगणकावर तयार केलं: सदतीस कुटुंबांची माहिती चुकीची भरली आहे, कृपया पुन्हा गोळा करावी. सोमवारी प्रमुखबाईंना दाखवून पाठवायचं ठरवलं आणि घरी आलो.

एक गोष्ट मात्र टोचत होती. पगारपत्रकात मी हजारो चुका पाहिल्या आहेत. चुका विखुरलेल्या असतात. कुणी सात लिहितो, कुणी ओळ गाळतो, कुणाचं शून्य जास्त. सदतीस जण एकाच जागी एकच चूक करत नाहीत. हे मला कळत होतं, पण चूक नसेल तर ते काय असेल, हे काही केल्या सुचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी आमच्या वरच्या मजल्यावरच्या जोडप्याचं साठीचं लग्न होतं. हे घर तंजावरकडचं मराठी. कितीतरी पिढ्या इकडेच, नवरा बँकेतून निवृत्त व्हायला आलेला. इकडे नवऱ्याला साठ पुरी झाली की नवरा-बायकोचं पुन्हा एकदा लग्न लावतात, मुलं-सुना यजमान होतात, बायकोच्या गळ्यात पुन्हा मंगळसूत्र बांधतात. आम्हाला आग्रहाचं बोलावणं होतं. मला जायचं नव्हतं, बायको म्हणाली, "तुमचा तो रीझनर रविवारी जेवायला घालणार नाही."

छोटं कार्यालय, सकाळी साडेसातचा मुहूर्त. नादस्वरम् चालू, केळीचे खुंट, पुढच्या रांगेत म्हाताऱ्या. विधी चालू असताना गुरुजींनी वधूच्या आईला बोलावलं. ऐंशीच्या घरातल्या एक आजी उठल्या, मंचावर गेल्या, त्यांना लुगडं दिलं, त्यांनी आशीर्वाद दिला आणि खाली येऊन बसल्या. थोड्या वेळाने गुरुजींनी वराच्या मोठ्या बहिणीला बोलावलं. त्याच आजी पुन्हा उठल्या. गुडघे धरत, हसत, मंचाच्या दुसऱ्या बाजूने वर गेल्या. दुसरं लुगडं. सगळं कार्यालय हसायला लागलं. कुणीतरी तमिळमध्ये ओरडलं, त्यावर आजींनी ठसक्यात उत्तर दिलं.

मी बायकोला विचारलं, "आजींना दोनदा का बोलावलं?"

"दोन्ही मान त्यांचेच आहेत म्हणून."

"म्हणजे?"

"अहो, ती त्यांची मुलगी ना. आणि तो त्यांचा धाकटा भाऊ. मामा-भाचीचं लग्न आहे हे. इकडे चालतं. दोन वर्षं झाली मला माहीत होऊन."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

आजी येऊन आमच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या. दोन्ही लुगडी मांडीवर. माझं तोंड बघून त्यांना काही तरी वाटलं असावं. त्यांच्या त्या तमिळ हेलाच्या, जुन्या वळणाच्या मराठीत म्हणाल्या, "काय हो पुणेकर, काय पाह्यता? एक मुलीची आई म्हणून, एक नवऱ्याची अक्का म्हणून. सासू मीच, नणंद मीच. माझी लेक भांडायची म्हटली तर कोणाकडे जाऊन भांडेल, सांगा?"

मी म्हटलं, "आजी, नंबर चार तुम्ही आहात."

"काय चार?" त्या बायकोकडे वळल्या. "ह्यांना कॉफी देवा कोणी. उपाशी दिसतात."

मी कॉफी प्यायलो, जेवलोही. पानावर दोनदा पायसम घेतलं. मला इतकी भूक कित्येक दिवसांत लागली नव्हती. चुका नव्हत्याच. सदतीस घरांत कुठे मामाने भाची केली होती, कुठे आत्याच्या मुलाने मामाची मुलगी. माहिती भरणाऱ्याने अक्षर न् अक्षर बरोबर भरलं होतं. चूक माझ्या एका नियमात होती, आणि तो नियम मी माझ्या शहाण्णव माणसांवर तपासला होता, जिथे असं लग्न कुणी स्वप्नातही केलं नव्हतं. रत्नागिरीची मोजपट्टी घेऊन मी कावेरीकाठची घरं मोजायला निघालो होतो. आणि त्यातही गंमत अशी की रुग्णालयाला सर्वांत आधी जी घरं हवी होती ती हीच. नातं जवळचं असेल तर असा दोष आई आणि बाप दोघांकडूनही बाळाकडे यायचा संभव वाढतो. माझ्या राखणदाराने नेमकी तीच घरं दाराबाहेर काढली होती.

सोमवारी सकाळी प्रमुखबाई आल्या तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ते पत्र वाचलं, मग तो नियम वाचला आणि कपाळावर हात मारला.

"अय्यो, सर! माझे आजी-आजोबा असेच आहेत. तुम्ही माझ्या आजीला विसंगत ठरवलंत!"

"तुमच्या आजीची माफी मागतो."

"तिच्यासमोर नका मागू. ती तुम्हालाच विसंगत ठरवेल." मग त्यांनी खुर्ची ओढली. "बदलायला किती दिवस?"

"दिवस?" मी म्हणालो, आणि खरं सांगतो, ते वाक्य बोलताना मला जे सुख झालं ते पंचवीस वर्षांच्या नोकरीत झालं नव्हतं. "एक ओळ काढायची. पाच ओळी घालायच्या. चहा पिऊन या."

दोन वर्ग वेगळे ठेवणारी ओळ काढली. त्या जागी नवा वर्ग घातला: जोडीदार असून रक्ताचाही नातेवाईक. मग नियम घातला की अशा जोडप्याच्या बाळाच्या मागच्या दोन पिढ्यांत कुणा एकाला जरी ऐकू येत नसेल, तर बाळ तपासणीच्या वर्गात. प्रोग्रामने दोनशे बारा कुटुंबं पुन्हा पहिल्यापासून रचली. चाळीस मिनिटांनी पडद्यावर ओळ आली: रचना सुसंगत आहे. प्रमुखबाईंनी टेबलावर इतक्या जोराने हात आपटला की पलीकडच्या रांगेतले लोक उठून बघायला लागले.

गुरुवारी रुग्णालयात आधी शोळिंगनल्लूरचा गट बसला. त्यांची आकृती खरंच देखणी होती, मी मनापासून सांगतो. फुगे, बाण, रंग. विभागप्रमुख डॉक्टरबाईंनी विचारलं, "सगळी कुटुंबं आहेत?" एकशे साठ होती. उरलेली दोन आठवड्यांत, ते म्हणाले.

मग आम्ही. आमच्याकडे आकृती नव्हती. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. मी प्रोग्राम चालवला आणि एक वर्षाच्या आतल्या ज्या बाळांना बोलवायला हवं त्यांचे नंबर आले. अकरा.

डॉक्टरबाईंनी आपल्याजवळचे नंबर ताडून पाहिले. "आमच्या लोकांनी आठ बोलावलीत. हे तीन कुठून आले?"

मी एकेक उलगडून दाखवलं. त्या घरांत ऐकू न येणारं मूल चुलत शाखेत होतं आणि बाळाच्या सख्ख्या भावंडांना ऐकू येत होतं, म्हणून कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. पण आई-बाप मामा-भाची किंवा आते-मामेभावंडं, आणि मागच्या पिढीत एकाला ऐकू येत नव्हतं. डॉक्टरबाईंनी तिसऱ्याचं उलगडणं पुरतं ऐकलंही नाही. नर्सला म्हणाल्या, "या तीन घरांना आत्ता फोन करा." मग माझ्याकडे वळल्या. "कुणी कुणाशी लग्न करावं हे सांगायला मी इथे बसलेली नाही. बाळ वेळेवर माझ्यापर्यंत यावं, एवढंच माझं काम. बरं, मला दोनऐवजी तीन पिढ्या हव्या असतील तर? कधी मिळेल?"

मी दोनाचा आकडा पुसला, तीन लिहिला, आणि म्हटलं, "चाळीस मिनिटांनी, मॅडम."

त्या थांबल्या. खरोखर थांबल्या, दोन पेशंट तपासून आल्या. उत्तर आलं होतं. त्यांनी ते वाचलं आणि शोळिंगनल्लूरच्या गटाकडे बघून फार नम्रपणे म्हणाल्या, "तुमचं चित्र भिंतीवर लावायला मला आवडेल." फोनवर साखर पेरणारा तो गृहस्थ बाहेर व्हरांड्यात माझ्याजवळ आला. मला वाटलं, काही तरी खवचट बोलेल. तो म्हणाला, "सर, ते जावा कोणत्या पुस्तकातून शिकलात?" मी त्याला पुस्तक देईन म्हणालो, आणि दिलं.

मॅनेजरचा फोन मी घरी येणाऱ्या सिटी बसमध्ये असताना आला. फार बोलला नाही. काम आमच्याकडे, गट कायम, आणि हैदराबादला दुसऱ्या कुणाला तरी पाठवतील. मी धुळीने भरलेल्या खिडकीशी बसलो होतो आणि माझ्या तोंडावर असं काही हसू असावं की कंडक्टरनेही मला हसून दाखवलं.

घरी आलो. बायकोने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता आत वळून हाक मारली, "अगं, तुझे बाबा कुठे जात नाहीयेत."

मुलगी खोलीतून बाहेर आली. "नक्की?"

"नक्की."

"म्हणजे बारावी इथेच?"

"इथेच."

ती पुढे आली. माझ्या हातातली बॅग घेतली, खुर्चीवर ठेवली आणि फोन उचलून आत गेली. दार लावून घेतलं. मग आतून तिचा आवाज आला, कुठल्या तरी मैत्रिणीशी, भरभर, मोठमोठ्याने, मधे मधे किंचाळत, सगळं तमिळमध्ये. बायको आणि मी दाराबाहेर उभं राहून ऐकत होतो. आम्हाला त्यातलं निम्मंही समजलं नाही.

"काय म्हणतेय?" मी विचारलं.

"ते जाऊ द्या," बायको म्हणाली. "आनंदात आहे, एवढं कळतंय ना?"